शार्त्रचा निळा रंग 'हरवलेला' नाही

फ्रान्समधल्या शार्त्र शहरातल्या कॅथेड्रलबद्दल, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चबद्दल, एक मजकूर फिरतोय. म्हणे ते टेंपलर या मध्ययुगीन ख्रिस्ती पंथाच्या योद्ध्यांनी गुप्त विद्येच्या जोरावर उभारलं, त्याआधी तसं काही नव्हतंच, आणि तिथल्या काचांचा निळा रंग आजच्या विज्ञानालाही जमत नाही. वाचून वाईट वाटतं, कारण ज्यांनी हात झिजवले ते कारागीर यात पुसलेच जातात.

आधी तो निळा रंग. तो कोबाल्टचा आहे, त्यात गूढ काही नाही. १२व्या शतकातली ती काच सोड्याची होती, म्हणून शतकानुशतकं ऊन-पाऊस सोसूनही ती फारशी खराब झाली नाही. पुढे लाकडाच्या राखेपासून केलेली काच आली, ती हवेने लवकर झिजते. येशूच्या आईचं, मेरीचं चित्र असलेली जी लोकांची सर्वांत लाडकी खिडकी आहे, तिच्यात हा फरक डोळ्यांना दिसतो. मेरीचा फिकट आकाशी झगा सुमारे ११८०चा, आणि भोवतीच्या देवदूतांमागचा गडद निळा १३व्या शतकातला.

'आधी काही नव्हतं' हेही खोटं. पॅरिसजवळच्या सँ-दनीच्या चर्चमध्ये याच धाटणीचं, टोकदार कमानींचं गर्भगृह ११४४ सालीच पूर्ण झालं होतं. शार्त्रच्या नव्या इमारतीखाली तर ११व्या शतकातलं तळघर आजही आहे. १० जून ११९४च्या आगीत बरंच जळालं, पण पश्चिमेचा दरवाजा वाचला, आणि नवं बांधकाम जुन्या पायावरच चढलं.

राहिला बांधकामाचा पैसा. इथे जपलेलं, मेरीचं मानलं जाणारं पवित्र वस्त्र आगीत जळालं असं समजून गाव हवालदिल झालं होतं. तीन दिवसांनी ते तळघरातून सुखरूप बाहेर आलं. बिशप आणि धर्ममंडळाने तीन वर्षं आपल्या उत्पन्नाचा वाटा बांधकामाला दिला. शिवाय यात्रेकरूंचं दान आणि राजघराण्याची मदत होतीच: उत्तरेच्या गोल खिडकीवर फ्रान्सची लिली आणि स्पेनमधल्या कास्तीयचे किल्ले ही राजचिन्हं आहेत. टेंपलरांची गरज कुठे पडली?

काम एका झटक्यातही झालं नाही. अभिषेक १२६०चा. उत्तरेचा कळस तर विजेने जळाल्यावर जेआँ द बोस या वास्तुकाराने १५१३मध्ये पुरा केला.

बायबलमधल्या दयाळू शोमरोनीच्या गोष्टीची जी खिडकी आहे, तिच्यात अगदी खाली पाहा. तिथे चांभार बसलेत, हातात जोडे घेऊन, कामात गुंग.