पांढरा झगा दिसला की लग्नाचाच?

सध्या एक फोटो फिरतोय. उंच गळपट्टीचा, लेसच्या पट्ट्यांनी भरलेला पांढरा झगा, आणि खाली मजकूर: 'ब्रिटिश राजा सातव्या एडवर्डच्या काळातला लग्नाचा पोशाख. सगळी लेस हातची, म्हणून फक्त उमराव घराण्यांत. इतका नाजूक की पाणी लावत नसत.' यातलं एकही विधान जसंच्या तसं खरं नाही.

'लग्नाचा पोशाख': साधारण १९०० ते १९१४ या काळात इंग्लंड-अमेरिकेत बायका असे झगे उन्हाळ्यात दिवसा घालत. बागेतला चहा, सहल, अमेरिकेत मुलींचा शाळेचा निरोप समारंभही. क्वचित कुणी लग्नातही घातला असेल, पण नुसत्या रंगावरून तसं ठरत नाही. कापड तलम सुती: लॉन, बॅटिस्ट किंवा मल. हा 'मल' आपल्या मलमलीतूनच इंग्रजीत गेला.

'लेस हातची': इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅममध्ये जॉन लीव्हर्सचं लेसयंत्र १८१३ मध्येच आलं होतं. या झग्यांवरची बारीक व्हॅलेन्सिएन लेस बहुतेक यंत्राचीच असते. भिंगाखाली फुलाचा भरीव भाग पाहा. हातच्या बॉबिन लेसमध्ये (म्हणजे छोट्या रिळांवरचे धागे गुंफून केलेल्या लेसमध्ये) तो कापडासारखा उभ्या-आडव्या धाग्यांनी विणलेला दिसतो, यंत्राच्या लेसमध्ये त्यावर उभ्या रेघा उठतात. आयरिश क्रोशे मात्र खरोखर हातचा, आणि एकाच झग्यावर दोन्ही सापडतात.

'फक्त उमरावांकडे': असे झगे तयार मिळत, टपाल-कॅटलॉगमधून येत आणि घरच्या मशीनवरही शिवले जात. लेस बसवायची रीत सोपी आहे. पट्टी कापडावर ठेवून दोन्ही कडांना टीप मारायची, मागचं कापड मधोमध कापून दोन्हीकडे दुमडायचं, पुन्हा टीप मारून उरलेलं छाटायचं. कापड आणि लेस आधी धुऊन घेतली नाही, तर दोन्ही वेगवेगळी आटतात आणि शिवण चुण्या धरते. टक्सचा, म्हणजे दुमडून शिवलेल्या बारीक घड्यांचा, हिशेबही आधीच करावा लागतो: २ मिमीची एक टक ४ मिमी कापड खाते, म्हणजे वीस टक्सना ८ सेंमी जादा.

'पाणी लावत नसत': ही सर्वांत मोठी चूक. पांढरं सुती कापड उकळता येतं, ही तर त्याची मोठी सोय! रंगीत कापड विटलं असतं, रेशीम उकळीत टिकलं नसतं. साबण, उकळी, नीळ, खळ आणि मग इस्त्री, असा त्याचा क्रम. खरे कष्ट इस्त्रीचे. भरतकाम उठून दिसावं म्हणून झगा जाड घडीवर उलटा ठेवून इस्त्री करावी लागे.

मात्र शंभर वर्षांचा झगा आज उकळू नका. जुना धागा ठिसूळ झालेला असतो, आणि ओला झगा उचलला की पाण्याच्या वजनाने लेस शिवणीजवळ फाटते. आधी गंजके हूक काढा. झगा जाळीवर पसरून सौम्य साबणाच्या पाण्यात बुडवा, पिळू नका, जाळीसकट उचला आणि सावलीत आडवा वाळवा. गंजाच्या डागावर क्लोरीनचं ब्लीच टाकलंत, तर तिथे भोक पडू शकतं.