ठोकून द्या, मालक

मुंबईत जागा मिळत नाही, पाणी वेळेवर येत नाही, फास्ट लोकलमध्ये चौथी सीट मिळाली तरी माणूस कृतार्थ होतो. मत तेवढं हवं तितकं मिळतं, तेही बसल्या जागी. तरी काही माणसं अशी असतात, की कुणी 'एआयबद्दल तुमचं काय म्हणणं?' असं विचारलं तर 'मला त्यातलं फारसं कळत नाही हो' म्हणून मोकळी होतात. असल्या माणसासाठी दुसऱ्या दिवशी लोकलच्या ग्रुपमधलं कुणी जागा धरत नाही. तुम्ही त्यांच्यातले असाल तर पुढचं जरा नीट वाचा.

सुरुवात तंत्रज्ञानापासून करा. चूक पकडू शकेल असा माणूस डब्यात सहसा नसतो, तो बीकेसीतल्या ऑफिसच्या कुठल्या तरी मजल्यावर रात्री अकरापर्यंत लॅपटॉपला चिकटलेला असतो. चॅटजीपीटी 30 नोव्हेंबर 2022ला आलं. त्यानंतर काही महिने 'हे खूळ आहे, टिकत नाही' म्हणायची सोय होती, ती मुदत संपली. सध्या 'सगळ्यांच्या नोकऱ्या जाणार' हे चालतं. सगळ्यांच्या म्हणजे अर्थातच इतरांच्या. आपलं काम अनुभवाचं, ते यंत्राला काय जमणार! हे सांगताना फोन मात्र खिशातच राहू द्या. त्याचा पासवर्ड भाच्याला फोन करून विचारावा लागतो, हे चारचौघांत कशाला?

यूपीआयबाबत एक पथ्य आहे. पेमेंटचं जाळं चालवणाऱ्या एनपीसीआयने ते एप्रिल 2016मध्ये आणलं आणि नोटबंदी झाली त्याच वर्षी 8 नोव्हेंबरला. आधी यूपीआय, मग नोटबंदी, हा क्रम कुठल्याच बाजूला धड उपयोगी पडत नाही, तेव्हा तो काढूच नका. सरकारच्या बाजूचे असाल तर सगळं नोटबंदीनेच सुरू झालं म्हणा. विरोधातले असाल तर 'यांनी आपला सगळा डेटा नेला' असं म्हणत म्हणत कोथिंबिरीच्या जुडीसाठी क्यूआर स्कॅन करा. स्पीकरमधून 'दहा रुपये प्राप्त झाले' असा आवाज आला की तेवढं थांबायचं आणि वाक्य पुढे चालू करायचं. भाजीवालीला यात चुकूनही ओढू नका. ती म्हणेल, 'क्यूआर पोराच्या खात्याचा हाय, पैसं तिकडं जात्यात, आन् पहाटं मार्केटात मला रोकडाच लागतो.' आता या माहितीचं करायचं काय? हिच्यात ना मोदी आहेत ना राहुल.

मत स्वतःच तयार करायला हवं असंही नाही. व्हॉट्सॲपने 2018मध्ये भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची अट घातली, आणि एप्रिल 2020पासून फार फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटमध्ये जातो. अशा मेसेजवर दोन बाण दिसतात. कंपनीने ते वाचणाऱ्याने सावध व्हावं म्हणून ठेवलेत. तुम्ही त्यांच्याकडे आयएसआय मार्कासारखं बघा. एवढ्या लोकांनी पाठवलंय, म्हणजे काही तरी असणारच. एकेका ग्रुपवर वेगळं पाठवणं जिवावर आलं, तरी विरारपासून दादरपर्यंत वेळच वेळ असतो. त्यातूनही मजकूर कॉपी करून नव्याने चिकटवला तर बाण गायब होतात आणि विचार तुमचा स्वतःचा होतो. खाली 'विचार करा' एवढं लिहायला विसरू नका.

राजकारणात अंतर पाळावं. ट्रम्पचं टॅरिफ, तैवान, युक्रेन हे विषय घाटकोपरपासून पुरेसे लांब आहेत, ते उलटून घरी येत नाहीत. जवळच्या विषयांचं तसं नसतं. महापालिकेच्या सभागृहाची मुदत मार्च 2022मध्ये संपली आणि पुढे बरीच वर्षं 227 वॉर्डांना नगरसेवकच नव्हता, सगळा कारभार प्रशासकाकडे. तुमच्या ओळखीत त्यापायी कुणाचा चहा थंड झाल्याचं आठवतं का? तुंबलेल्या गटाराची तक्रार कुणाकडे करायची ते कुणाला ठाऊक नव्हतं, तैवानचं काय करायचं ते मात्र तोंडपाठ होतं. असंच हवं. लोकसभेला मुंबईत 20 मे 2024ला मतदान होतं, सोमवारी, म्हणजे शनिवार-रविवारला जोडून. त्या सुट्टीत भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याच्या रो-रोत गाडी चढवून, वरच्या डेकवर वारा खात 'या देशाचं काही होणार नाही' असं म्हणणारा माणूस सर्वांत मोकळेपणाने बोलतो. त्याला निकालाची जबाबदारी नको, बोटाला शाई नको.

ईव्हीएमवर दोन मतं तयार ठेवा: निकाल मनासारखा लागला तर एक, नाही लागला तर दुसरं. पण तोंड उघडण्यापूर्वी आजूबाजूला बघा. प्रत्येक सोसायटीत एखाद्या निवृत्त शिक्षिका असतात, ज्यांनी मतदान केंद्राध्यक्ष म्हणून ड्युटी केलेली असते. त्या पिशवीतली मेथी निवडत निवडत ऐकून घेतात आणि मग सुरू होतात. आदल्या रात्री वर्गातल्या बाकावर झोपायचं. सातला मतदान, म्हणून पहाटे साडेपाचला पक्षांच्या एजंटांसमोर निदान 50 मतांचा मॉक पोल घ्यायचा, मोजून दाखवायचा, पुसायचा, व्हीव्हीपॅट म्हणजे मताची चिठ्ठी छापणारं यंत्र, त्यातल्या चिठ्ठ्या काढून काळ्या पाकिटात सील करायच्या. संध्याकाळी पडलेल्या मतांच्या हिशेबाचा 17-सी फॉर्म भरून त्याची प्रत एजंटांच्या हातात द्यायची. एवढं सांगून त्या चष्म्यावरून बघत विचारतात, 'काचेमागे चिठ्ठी सात सेकंद दिसते. तुम्ही बघितली होती का?' तुम्ही तेव्हा मांडव्याला होता. बरं, बाई कुठल्या पक्षाच्या असत्या तर निदान तसं म्हणून सुटता आलं असतं. त्या म्हणतात, 'घोळ होऊच शकत नाही असं मी म्हणत नाही. कुठल्या पायरीवर होतो, तेवढं सांगा.' आता पायरी सांगायची म्हणजे अभ्यास आला. 'बाई, तुम्ही फार साध्या आहात' असं म्हणून मेथीचा भाव विचारा.

मराठीबद्दल मत कसं द्यावं हे मी शिकवत बसत नाही. 3 ऑक्टोबर 2024ला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा अभिनंदनाचा मेसेज तुम्ही मुलाच्या इंग्रजी शाळेच्या पालक-ग्रुपवर टाकला होतात. तुम्हाला जमतंय.

बाकी संस्कृती म्हणजे गेलेल्या वस्तूंबद्दल हळहळ. बेस्टची जुनी डबल डेकर सप्टेंबर 2023मध्ये शेवटची धावली, आणि पुढच्याच महिन्यात 20 वर्षांची वयोमर्यादा भरली म्हणून प्रीमियर पद्मिनी टॅक्सीही गेली. दोन्हींवर तुमची पोस्ट पडली असेलच. नसली तरी घाई नाही. ट्राम 31 मार्च 1964ला बंद झाली, आणि तिच्या आठवणीने गळा दाटून येणारे नव्वद सालचे जन्म माझ्या पाहण्यात आहेत. वरच्या मजल्यावरची पुढची सीट, तोंडावर वारा, हातात भुईमुगाची पुडी असं लिहा. त्या बसमध्ये शेवटचं कधी चढला होतात ते लिहू नका. पद्मिनीवाल्याने जवळचं भाडं नाकारलं म्हणून त्याच्याशी भर रस्त्यात घातलेली हुज्जतही वगळा. मे 2025मध्ये बेस्टचं किमान तिकीट 5 रुपयांवरून 10 रुपये झालं, त्यावर हळहळण्यात अर्थ नाही. कुर्ला स्टेशनबाहेर बसच्या रांगेत उभ्या असलेल्या बायकांचा फोटो काही खास येत नाही.

एवढं सगळं जमलं तरी एक जागा तुमच्यासाठी धोक्याची राहतेच: सोसायटीची एजीएम, म्हणजे वार्षिक सभा. तिथे मत दिलं की माणसाला कमिटीत घेतात. तैवान चुकलं तर कुणी विचारत नाही. पण 'टाकीचं लीकेज आधी बघा' एवढं म्हणालात की प्लंबरचा नंबर, तीन कोटेशनं, सिंकिंग फंडाचा हिशेब आणि तळमजल्यावरच्या काकांचा राग, सगळं तुमच्या नावावर. पुनर्विकासाबद्दल बोललात तर त्याच्या नियमांची, 79-ए कलमाची, फाईलच मांडीवर येते. म्हणून खुर्ची दाराजवळची धरा. वेफर्स आणि सामोसा आला की तो संपेपर्यंत बसा, सह्यांच्या वहीत सही ठोका, आणि चेअरमन 'कुणाला काही बोलायचंय का?' असं म्हणत तुमच्याकडे वळले की फोन कानाला लावून 'हॅलो, हॅलो, अरे आवाज येत नाहीये' करत जिन्याकडे चालू लागा. लिफ्टची वाट बघू नका, ती बंद आहे.