मागे काय लिहिलंय ते वाचलंस का?

परवा रात्री कट्ट्यावर चहा यायच्या आधीच पेटलं. नित्याने रविवारी जुन्या बाजारातून जपानी अँप, म्हणजे स्पीकर वाजवणारा अॅम्प्लिफायर, उचलला, साडेसहा हजारात, पुढे जाड अॅल्युमिनियमची पट्टी, भले मोठे नॉब, आणि जड एवढा की अॅक्टिव्हावर पायात ठेवून आणला तर गाडी वळेना. वर येऊन म्हणतो, आजकालच्या डब्यांना असा वॉर्म साऊंड सात जन्मात यायचा नाही.

बंड्या म्हणला, वॉर्म असणारच ना, निम्मी वीज हीटसिंक तापवण्यात जाते. त्याच्याकडे तळहाताएवढा क्लास डी अँप आहे, ट्रान्झिस्टर झटपट चालू-बंद करणारा, टीपीए 3255 चिपवाला, तो 90 टक्क्यांच्या आसपास वीज स्पीकरला देतो आणि डिस्टॉर्शन इतकं कमी की आपल्या कानांना पत्ता लागत नाही. "मग तू ऐकतोस काय, पॅनलमागचा पिवळा दिवा?"

नित्या उसळला. 1974 ला अमेरिकेत नियम आला की घरगुती अँपचे वॉट सलग चालवून मोजलेलेच छापायचे, मरँट्झ 2270 वर तर त्याच्या आधीपासूनच 70 म्हणजे दोन्ही चॅनलला खरे 70, "आणि आपण काय घेतलं? हजार वॉट पीएमपीओ, म्हणजे क्षणभराचे फुगवलेले वॉट, छापलेला डेक!" इथे सगळेच हसले, कारण तो डेक प्रत्येकाच्या घरी होता आणि त्याचं अॅडॅप्टर मुठीत मावायचं. पण मी म्हटलं, वॉटचं एवढं कौतुक पण नको राव, वॉट दुप्पट केले तरी 3 डेसिबलच वाढतात, एनएडी 3020 हा जुना अँप तर 20 वॉटचाच होता आणि लोक अजून शोधत फिरतात.

माझं म्हणणं एवढंच की आवाजासाठीच पैसे घालायचे तर आधी स्पीकरवर घाला आणि अँप नवीन घ्या. जुना घ्यायचा तो उघडता येतो म्हणून. एकेक पार्ट सुटा दिसतो, त्याचे पाय मीटर लावून मोजता येतात, बदलता येतो, चिपवाल्यात चिप गेली की बहुतेकदा बोर्डच फेकायचा. यावर बंड्याचं उत्तर तयार, ओरिजिनल आउटपुट ट्रान्झिस्टर आणणार कुठून, पुण्यात तापकीर गल्लीत टूएन 3055 हा नेहमीचा ट्रान्झिस्टर मागितला तरी डुप्लिकेट निघायची भीती! खरंय ते, मी गप्प.

तेवढ्यात रिपेअरवाले काका आले, अँप उलटा केला, चष्मा वर सरकवला. "मागे काय लिहिलंय ते वाचलंस का?" एसी 100 व्होल्ट. जपानातल्या लोकांसाठी बनवलेला पीस, आणि हा गडी घरी जाऊन 230 च्या सॉकेटात खुपसणार होता! बाजारात चालवून बघायची सोय नव्हती म्हणून वाचला.

काल संध्याकाळी काकांच्या टेबलावर 100 वॉटचा साधा बल्ब सिरीजला, मग 230 चे 100 व्होल्ट करणारा स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर, मग अँप. बटण दाबलं, बल्ब भकन पेटला, आम्ही सगळे श्वास धरून, आणि हळूहळू मंद झाला, म्हणजे शॉर्ट नाही. पेटलेलाच राहिला असता तर राम म्हणायचं. व्हॉल्यूम फिरवला की खर्रर्र, त्यात स्प्रे मारला, पाचपन्नास वेळा नॉब फिरवला, खरखर गेली. डावा चॅनल मात्र मुका. काका म्हणाले कंडेन्सर सुकलेत सगळे, ठेवून जा आठवडाभर.

बंड्या बोलायला तोंड उघडणार तर नित्या कान स्पीकरला लावून, "थांब रे, उजवा ऐक, उजवा कसला वाजतोय!"