मेथडइन्व्होकर का ॲक्शन? प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, विनफॉर्म्समध्ये (डॉट नेटमधलं विंडोजचे फॉर्म बनवायचं साधन) दुसऱ्या थ्रेडवरून, म्हणजे समांतर चालणाऱ्या कामातून, स्क्रीन बदलायची तर ते काम डेलिगेटमध्ये (फंक्शन हातात देण्याचा प्रकार) घालून इन्व्होक किंवा बिगिनइन्व्होकने यूआय थ्रेडकडे, म्हणजे स्क्रीन सांभाळणाऱ्या थ्रेडकडे, पाठवावं लागतं. तुमचं म्हणणं असं की ॲक्शन हा डेलिगेट असताना मेथडइन्व्होकर हा दुसरा कशाला, वेगातला फरक कोणाला जाणवतो, आणि इन्व्होक काय नि बिगिनइन्व्होक काय, काहीही लावलं तरी चालतं.

वेगाचं तुमचं खरंय. डॉट नेट फ्रेमवर्कच्या विनफॉर्म्समध्ये इव्हेंटहँडलर, मेथडइन्व्होकर आणि वेटकॉलबॅक एवढेच डेलिगेट थेट कॉल होतात, बाकीचे, ॲक्शनसुद्धा, डायनॅमिकइन्व्होक या हळू वाटेने जातात, पण सेकंदाला दहा-वीस वेळा लेबल बदलायचं तर ते कोणाला दिसणारे?

माझा मुद्दा पॅरामीटरचा आहे. आपल्याकडे रावेर-सावद्याला केळीच्या गाड्या मोजतात तो वजनकाटा घ्या. रीडिंग सीरियल पोर्टवर येतं, डेटारिसीव्ह्ड इव्हेंट दुसऱ्याच थ्रेडवर येतो आणि तिथून फॉर्मवरचं वजन बदलायचं. तुमच्या कोडसारखं डबल (दशांश आकडा) घेणारं ॲक्शन केलं आणि इन्व्होकला वजन वेगळं दिलं, की ते ऑब्जेक्टच्या ॲरेत (कुठल्याही प्रकारची व्हॅल्यू चालणाऱ्या यादीत) जातं आणि कंपायलर तिथे काहीच तपासत नाही. उद्या कोणी गाडी नंबरचा दुसरा पॅरामीटर वाढवला आणि इन्व्होकच्या ओळीत द्यायचा राहिला तरी बिल्ड बिनबोभाट होतो, एरर येते ती गाडी काट्यावर उभी असताना! त्यापेक्षा वजन लोकल व्हेरिएबलमध्ये घ्या (फील्डमध्ये नको, बिगिनइन्व्होक चालेपर्यंत तिथे पुढचं रीडिंग येऊन बसतं), लॅम्बडात (जागच्या जागी लिहिलेल्या बिननावाच्या फंक्शनमध्ये) वापरा आणि बिनपॅरामीटरचा मेथडइन्व्होकर पाठवा. बिनपॅरामीटरच्या ॲक्शननेही हे जमतं, मान्य, आणि ज्या क्लासला विनफॉर्म्सचा रेफरन्स नकोय तिथे ॲक्शनच घ्यावं. फॉर्मच्या कोडमध्ये मात्र मेथडइन्व्होकर वाचला की लगेच कळतं, हे यूआय थ्रेडवर जाणार.

पण ते "काहीही लावलं तरी चालतं" अजिबात पटलं नाही. इन्व्होक यूआय थ्रेडने काम संपवेपर्यंत थांबतो. आता काट्यावरच्या माणसाने फॉर्म बंद केला, तुम्ही यूआय थ्रेडवरून पोर्टचा क्लोज मारला, तो क्लोज डेटारिसीव्ह्डचा चालू असलेला हँडलर (इव्हेंट आल्यावर चालणारं फंक्शन) संपायची वाट बघत बसला, आणि हँडलर आत इन्व्होकवर अडकून यूआय थ्रेडची वाट बघतोय. झालं, स्क्रीन गोठली, टास्क मॅनेजरमधून मारा. डेलिगेट कोणताही घ्या, हे चुकत नाही. तिथे काम रांगेत टाकून न थांबता पुढे जाणारा बिगिनइन्व्होकच पाहिजे, आणि लॅम्बडाच्या पहिल्याच ओळीत फॉर्मचं इजडिस्पोज्ड (फॉर्म नष्ट झालाय का) तपासा, कारण निरोप रांगेत असतानाच फॉर्म गेलेला असू शकतो.