लॅपटॉपले ऊन लागलं

आमच्या राळेगाव भागात मे महिन्यात मयत असल्याशिवाय कोणी दुपारचं घराबाहेर पडत नाही, पण ज्याला दाखला पाहिजे तो माणूस बरोबर सव्वा वाजता येतो. घराच्या पुढच्या खोलीत माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक लॅपटॉप, एक प्रिंटर, एक कुलर आणि दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, त्यातली एक मोडकी.

तर २५ मेला नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापणारे नऊ दिवस, लागला त्याच दिवशी एका काकाचा सातबारा काढायला घेतला आणि लॅपटॉप गपगार. बंद नाही पडला बरं का, पंखा तर आतमध्ये पिठाच्या गिरणीसारखा घोंगावत होता, पण माऊस सरकवला की बाण निघायचा तो पुढच्या बसनं आल्यासारखा. काकांनी डोक्याचा दुपट्टा सोडला, लॅपटॉपवर हात ठेवून पाह्यला अन् म्हणाले, "ऊन लागलं याले. कांदा ठेव बावा खाली."

मी हसलो, पण निदान बरोबर होतं.

मशीन आतून काय करते ते दाखवणारा टास्क मॅनेजर उघडला (तो उघडेपर्यंत काकांचं दोन गिलास पाणी पिऊन झालं) तर स्पीड ०.७८ गिगाहर्ट्झ. माझ्या लॅपटॉपचा प्रोसेसर, म्हणजे त्याची मुख्य चिप, आठव्या पिढीचा आय फाइव्ह आहे, नेहमीची चाल १.६ आणि जोर लावला तर ३.४ पर्यंत पळणारा. पण चिप १०० डिग्रीच्या जवळ गेली की आपणहून चाल कमी करते, व्होल्टेजही उतरवते, जळून जाऊ नये म्हणून. अन् पंखा तरी काय करणार, तो खोलीतलीच हवा मारतो. खोलीत २५ डिग्री असेल तर १०० पर्यंत ७५ चं अंतर असतं, आमच्या खोलीत ४४ होते, म्हणजे बिचाऱ्याला ५६ च उरले.

व्होल्टेजचा हिशोब मात्र मला लय आवडला. चाल १० टक्के कमी केली अन् व्होल्टेजही १० टक्के उतरवलं तर विजेचा खर्च १० नाही, जवळजवळ २७ टक्क्यांनी पडतो, कारण व्होल्टेज हिशोबात दोनदा धरल्या जाते. हे मी मोठ्या कौतुकानं बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "मी पहाटी पाचले वखर जुपतो अन् दहाले निंबाखाली येऊन बसतो. तुया मशीनले आत्ता समजलं काय हे?"

मग उपाय सुरू झाले. लॅपटॉपखाली दोन विटा ठेवल्या. आईनं सांगितलं की माठाच्या तिवईजवळ ठेव, तिथं गार असते, तर तिथं वायरच पुरेना. शेवटी कुलरचं तोंड लॅपटॉपकडं फिरवलं. त्यानं डिग्री उतरली खरी, पण सगळ्यांचे झेरॉक्स खोलीभर उडायला लागले आणि दाखल्यासाठी आलेली एक आजी घामानं निथळत म्हणाली, "काहून रे, तो काय तुया जावई हाय?"

एवढ्यात लाइन गेली. माझ्या इन्व्हर्टरवर कुलर चालत नाही आणि त्याची बॅटरीही उतरलेली, म्हणजे लॅपटॉप आपल्या बॅटरीवर आला, अन् बॅटरीवर आला की तो वेगळ्या कारणानं मंदावतो, बॅटरी पुरवायची म्हणून. लाइन असली तर गरमीनं हळू, नसली तर काटकसरीनं हळू. दोन्हीकडून मरण माझंच, कारण आजी दोन्ही वेळा माझ्याच तोंडाकडं पाहून राह्यली होती.

एका पोरानं सांगितलं की पॉवरच्या सेटिंगमध्ये प्रोसेसर जास्तीत जास्त १०० च्या जागी ९९ टक्के कर. एका टक्क्यानं काय होते म्हटलं, पण त्यानं ती वरची ३.४ ची उडीच बंद होते, गडी १.६ च्या आसपास निवांत चालतो. खरंच फरक पडला. तरी दुपारी एक ते चार त्याचं तेच.

शेवटी यवतमाळला रिपेअरवाल्याकडं नेला. त्यानं मागचं झाकण खोललं, माझ्याकडं पाह्यलं, परत आत पाह्यलं अन् चिमट्यानं एक पांढरा ताव बाहेर काढला, चांगला बोटभर रुंद, दाबून बसलेला. कापूस! चिपची गरमी ओढून घेणारी पेस्ट वाळून चुन्यासारखी झाली होती ते वेगळंच, पण हवा बाहेर जायच्या जाळीवर अख्खी वात वळता येईल एवढा कापूस. "घरी कापूस ठेवला काय भाऊ?" त्यानं विचारलं.

ठेवला म्हणजे काय! दुकानाच्या बाजूच्या खोलीत छतापर्यंत भरलाय, दिवाळीपासून. भाव वाढला की विकू म्हणून. अंगाला खाज सुटते, आई रोज बोलते, पण बाबा ऐकत नाहीत.

नवीन पेस्ट लावून आणला, डिग्री सरळ वीसनं खाली. बाबांना मोठ्या तोऱ्यात दाखवलं, पाहा आता कसा पळते. ते चष्मा लावून पुढं वाकले. "पळून राह्यला ना? मंग कापसाचा भाव पाय त्यात."

पान झटक्यात उघडलं. मी भाव वाचला नाही, त्यांनी माझं तोंडच वाचलं.

"राहू दे अजून आठ दिवस," म्हणाले, आणि जाता जाता कापसाच्या खोलीचं दार नुसतं लोटून घेतलं, कडी न लावता.