पायात पहिल्यांदा क्रॅम्पॉन, तेही समिटच्या रात्री!

दुपारपासून एक रील फिरतेय. मनालीजवळचं फ्रेंडशिप शिखर, रात्रीचा एक-दीड, हेडलॅम्पचा उजेड. एक हिमाचली गाइड गुडघ्यावर बसून एका मुलाच्या बुटाला क्रॅम्पॉन, म्हणजे बर्फावर चालायचे धातूचे दाते, बांधतोय आणि मुलगा कॅमेऱ्यात बघून म्हणतो, "फर्स्ट टाइम, गाइज!" खाली बदामांचा पाऊस. माझं टाळकंच सरकलं.

अरे, 5,289 मीटरचं शिखर आहे ते! आणि ही वस्तू पायात पहिल्यांदा कधी, तर निघायच्या दहा मिनिटं आधी?

रील थांबवून नीट बघा. पट्ट्याचं टोक चांगलं वीतभर लोंबतंय. दुसऱ्या पायाचे दाते त्यात अडकले की भाऊ तोंडावर. बक्कल पायाच्या बाहेरच्या अंगाला आणि टोक खोचलेलं, इतकं साधं आहे. माप बरोबर आहे का हे तर बांधायच्या आधीच कळतं: पट्टा न लावता बूट उचलून हलवला तरी क्रॅम्पॉन गळून पडता कामा नये. हे कॅम्पवर, दिवसाउजेडी, हातमोजे घालून, स्वतःच्या हातांनी पाच-सहा वेळा करायचं असतं.

आणि आइस ॲक्स, म्हणजे बर्फातली कुऱ्हाड? सॅकला मागे खोचलेली! उतारावर ती डोंगराच्या बाजूच्या हातात हवी. घसरलात की लगेच पालथं व्हायचं, ॲक्सचं डोकं खांद्यापाशी, चोच बर्फात, छातीचा भार दांड्यावर. पायात क्रॅम्पॉन असतील तर गुडघे दुमडून पावलं वर. दाते बर्फात रुतले तर घोटा मोडतो, नाहीतर माणूस उलटा फेकला जातो. हे रील बघून येत नाही. खाली सपाटी असलेल्या सुरक्षित उतारावर अर्धा दिवस मुद्दाम घसरावं लागतं. पॅकेजात तो दिवस नसतो, कारण दिवस वाढला की भाव वाढतो आणि गिऱ्हाईक शेजारी जातं.

हो, मान्य, फ्रेंडशिप तांत्रिकदृष्ट्या फार अवघड नाही, कितीतरी नवखे सुखरूप येतात. आणि प्रशिक्षण म्हणजे कवचकुंडलं नव्हेत. 4 ऑक्टोबर 2022 ला उत्तराखंडातल्या द्रौपदी का डांडा-2 शिखरावर हिमस्खलनात उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचे प्रशिक्षणार्थीच गेले. पण म्हणून काही न शिकताच जायचं?

रीलमधल्या त्या गाइडवर मात्र राग धरवत नाही. त्याच्या दोराला बांधलेले असे आणखी दोन-तीन नवखे असणार. समिट हुकलं तर वाईट रिव्ह्यू त्याच्याच नावावर. "चला, मागे फिरू" म्हणणं त्या गाइडला परवडत नाही हो. म्हणून परतीची वेळ आदल्या संध्याकाळी सगळ्यांसमोर ठरवायची आणि शिखर हाताशी दिसलं तरी पाळायची. ऊन चढलं की बर्फ भुसभुशीत होतो, क्रॅम्पॉनखाली ओले गोळे चिकटून दाते निकामी होतात (ॲक्सच्या दांड्याने बुटावर ठोकत ते झाडत राहायचं), आणि हिमभेगांवरचे बर्फाचे पूल कच्चे पडतात. दमलेले पाय त्यावरूनच उतरणार असतात.

"आम्ही अलंग-मदन-कुलंग केलंय" म्हणणारे सह्यवीर आता येतीलच. केलंत, कौतुक आहे. पण आपलं कळसूबाई 1,646 मीटर, मनालीहूनही खाली. दम वेगळा, विरळ हवा वेगळी. 3,000 मीटरच्या वर झोपायची उंची एका रात्रीत 500 मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि तीन-चार दिवसांनी एक मुक्काम जादा. तीन दिवसांत मनाली ते समिट विकणाऱ्याला लांबूनच नमस्कार करा.

पैसे भरण्याआधी एवढं विचाराच: बर्फावरचा सराव कोणत्या दिवशी? एका दोरावर किती जण? मागे फिरायचा निर्णय कोणाचा? आणि बूट मनालीत भाड्याने घेणार असाल तर जे जाड मोजे नेणार तेच घालून मापून बघा. दुकानातल्या पायऱ्या चढताना टाच आत उचलली जात असेल तर दुसरा जोड मागा, दुकानदाराने कितीही तोंड वाकडं केलं तरी.