खेळाडू एफवायला जातो तेव्हा

दहावी-बारावीचे निकाल लागले की महाराष्ट्रात दरवर्षी एक वाद पेटतो. खेळाडू विद्यार्थ्यांना क्रीडा सवलतीचे गुण द्यावेत की नाही? एक बाजू म्हणते, उन्हातान्हात घाम गाळणाऱ्या पोरांना एवढे तरी मिळायलाच हवे. दुसरी म्हणते, वर्षभर पुस्तकात डोके घालून बसणाऱ्यांवर हा अन्याय आहे, शिवाय बोगस प्रमाणपत्रांचा सुळसुळाट. यंदा आमच्या शाळेतल्या मैत्रिणींच्या गटातही यावरून तीन दिवस जुंपली होती. मी इथे अमेरिकेत, ओहायोत बसून सगळे वाचत होते आणि अस्वस्थ होत होते. गुण मिळाले, प्रवेश झाला, पोर एफवायला, म्हणजे पदवीच्या पहिल्या वर्षाला गेले. पुढे त्याचे काय होते, हे दोन्ही बाजूंपैकी एकीनेही विचारले नाही.

मला ते विचारावेसे वाटते, कारण गेली अकरा वर्षे मी नेमके हेच काम करते. इथल्या एका विद्यापीठात खेळाडूंसाठी वेगळे अभ्यास केंद्र आहे, तिथे पहिल्या वर्षाची मुले माझ्याकडे असतात. त्याआधी सांगलीत कॉलेजात असताना मी स्वतः खो-खो खेळायचे. त्यामुळे दोन्हीकडची मुले मला जवळून माहीत आहेत. त्यांच्यात फरक फार कमी आहे. फरक आहे तो त्यांच्याभोवतीच्या मोठ्या माणसांत.

गेल्या ऑगस्टमधली गोष्ट. सत्राचा पहिला आठवडा, समोर अठरा वर्षांचा एक कुस्तीगीर. त्याचे सुजून गोळा झालेले कान पाहून मला आपल्या तालमीतली पोरे आठवली. घराण्यात कॉलेजात आलेला हा पहिलाच मुलगा. त्याच्या पिशवीत पाच विषयांच्या पाच पत्रिका होत्या. सत्रभरात काय शिकवणार, चाचण्या कधी, गृहपाठ कधी, सगळे त्यात छापलेले असते. त्याने एकही उघडली नव्हती. मी टेबलावर एक मोठा कोरा कागद पसरला आणि पेन्सिल त्याच्या हातात दिली. मी स्वतः कधी लिहीत नाही. ज्याचा कागद त्यानेच भरायचा. उभे सोळा आठवडे, आडवे रकाने: विषय, चाचणी, जमा करायचे काम, प्रवास, आणि शेवटचा रकाना, कुणाला भेटायचे. तासाभरात पाचही पत्रिका त्या कागदावर उतरल्या. मग त्याने लाल पेन्सिलीने बाहेरगावच्या स्पर्धा टाकल्या. नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी केमिस्ट्रीची चाचणी होती, आणि त्याच शुक्रवारी सकाळी साडेसातला कुस्तीआधीचे वजन.

तो त्या चौकोनाकडे बराच वेळ बघत राहिला. वजन उतरवायचे म्हणजे आदल्या दोन दिवसांत पोटात जवळजवळ काही नाही, पाणीही मोजून. अशा डोक्याने गणिते सोडवता येत नाहीत, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. हळूच म्हणाला, "मग हे आत्ताच जाऊन सांगायचं?" हो, आत्ताच, अकरा आठवडे आधी. त्याची अडचण वेगळीच होती. प्राध्यापकांच्या दारावर भेटीच्या वेळा लिहिलेल्या असतात, त्या वेळी त्यांना त्रास द्यायचा नसतो असे त्याला वाटत होते. आम्ही तीन वाक्ये घोकली: मी अमुक, या वर्गात आहे, या तारखेला माझी स्पर्धा आहे. मग तो गेला. चाचणी आधीच्या सोमवारी द्यायची ठरली.

या साध्या कागदामागे इथे नियमांचे भक्कम पाठबळ आहे. अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची सर्वोच्च संघटना एनसीएए. तिच्या वरच्या गटात, म्हणजे डिव्हिजन वनमध्ये, दुसऱ्या वर्षी खेळायचे असेल तर पहिल्या वर्षात 24 श्रेयांक पूर्ण व्हावे लागतात. मोसमात संघाचा सराव आठवड्याला 20 तासांच्या वर घेता येत नाही आणि एक दिवस सुट्टी द्यावी लागते. नुसत्या सरावासाठी तास बुडवता येत नाही. 2003-04 पासून प्रत्येक संघाचा अभ्यासाचा ताळेबंदही मांडला जातो. दर सत्रात खेळाडूमागे दोन गुण: एक विद्यापीठात टिकल्याचा, एक अभ्यासात पात्र राहिल्याचा. चार वर्षांचा हिशेब 1000 पैकी 930 च्या खाली गेला की संघ मोठ्या स्पर्धेला मुकतो. म्हणून प्रशिक्षक स्वतः मला फोन करून विचारतात, पोरगा अभ्यासाला बसतोय ना?

आता माझ्या भाचीची गोष्ट. ती बीएस्सी करते आणि विद्यापीठाकडून खो-खो खेळते. गेल्या नोव्हेंबरात आंतरविद्यापीठ स्पर्धेला गेली, सराव शिबिर धरून अकरा दिवस. परतली तेव्हा केमिस्ट्रीची इंटर्नल, म्हणजे कॉलेजातली अंतर्गत परीक्षा होऊन गेली होती, दोन प्रॅक्टिकल बुडाली होती, जर्नलवर सही नव्हती, आणि हजेरीच्या डिफॉल्टर यादीत नाव लागले होते. ती सरांकडे गेली. सर म्हणाले, "तू तर खेळाडू, तुला कुठं काय अडतं?" केटी लागली, म्हणजे विषय राहिला, परीक्षा पुन्हा द्यायची. घरी तिने सांगितलेच नाही. एके दिवशी तिकडे मध्यरात्र उलटल्यावर मला तिचा फोन आला. "मावशी, खो-खो सोडू का?"

ज्या मुलीने बारावीत राज्य पातळीवर खेळून सवलतीचे गुण मिळवले, ती एका सत्रात या प्रश्नापाशी येऊन ठेपली. मला त्या सरांचा राग आला होता, पण तो टिकला नाही. ते तासिका तत्त्वावर शिकवतात. वर्गात शंभरावर मुले. ही मुलगी अकरा दिवस कुठे होती, हे त्यांना कुणी कळवलेच नव्हते. जिमखान्याचे सर एकटे सगळ्या खेळांचे संघ बघतात. फेरपरीक्षेची तरतूद होती म्हणे, पण अर्ज कुठे, सही कुणाची, मुदत कधीपर्यंत, हे कळेपर्यंत मुदत टळून गेली होती. कुणीही वाईट वागले नाही, आणि तरीही पोरीचे वर्ष हातातून निसटत होते.

आपल्याकडे मदत करणारी माणसे नाहीत असे कोण म्हणेल? 1952 साली हेलसिंकीला जायला खाशाबा जाधवांकडे पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण ठेवून 7,000 रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ही गोष्ट सांगताना आजही माझा गळा दाटून येतो. पण सत्तर वर्षांनंतरही खेळाडूचे शिक्षण एखादा खर्डेकर भेटतो की नाही यावरच अवलंबून असेल, तर ते मला पटत नाही. खर्डेकर विरळाच असतात. आणि भाचीला घर गहाण ठेवणारे कुणी नकोच होते. ऑक्टोबरमध्ये केमिस्ट्रीच्या सरांच्या हातात एक चिठ्ठी पडली असती, तरी पुरे होते.

आमच्याकडे सगळे सुरळीत आहे असे मात्र कुणी समजू नये. चॅपेल हिलच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात अठरा वर्षे नावापुरते वर्ग चालले. तास नाहीत, शिक्षक नाहीत, एक निबंध दिला की चांगली श्रेणी. 2014 च्या चौकशी अहवालानुसार 3,100 वर विद्यार्थ्यांनी ते घेतले होते आणि त्यात जवळजवळ निम्मे खेळाडू होते. दुखणारी बाब अशी की मुलांना तिकडे वळवण्यात माझ्यासारखेच काम करणारे सल्लागार होते. पात्रता टिकवणे आणि शिकवणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि दबाव आला की पहिली दुसरीला गिळते. मीही हे पाहिले आहे. एका धावपटू मुलीला नर्स व्हायचे होते. नर्सिंगची रुग्णालयातली पाळी आणि दुपारचा सराव यांचा मेळ बसेना. तिला सोपा विषय सुचवला गेला. ती पदवी घेऊन गेली, नर्स झाली नाही. तिच्या कागदावर चाचणी आणि स्पर्धा एकदाही एका चौकोनात आल्या नव्हत्या, आणि तरी तो कागद चुकलेला होता.

शिवाय पैसा. 2024 पासून लॉस एंजेलिसची यूसीएलए आणि यूएससी ही विद्यापीठे आमच्या भागातल्या बिग टेन गटात खेळतात. टीव्हीच्या करारांसाठी झालेल्या या फेरबदलामुळे व्हॉलीबॉलच्या मुलीही हजारो मैल विमानाने ये-जा करतात. 20 तासांत तो प्रवास धरला जात नाही. फिजिओकडचा वेळ आणि "ऐच्छिक" म्हणवला जाणारा सरावही त्यात नाही. मुलांना बसवून हिशेब मांडायला लावला की आकडा तिसाच्या पुढे जातो.

तेव्हा अमेरिकेची नक्कल करा असे मी म्हणणार नाही. आपल्या कॉलेजांकडे तो पैसा नाही, आणि तो नाही म्हणून त्याच्यासोबत येणारी घाणही नाही. मला हवे आहे ते फार थोडे. विद्यापीठाने संघ जाहीर केला की त्याच दिवशी खेळाडूंची यादी तारखांसह प्रत्येक विभागाकडे जावी, ती पोचवायची जबाबदारी खेळाडूवर नको. बुडलेल्या इंटर्नलची आणि प्रॅक्टिकलची पुढची तारीख त्याच यादीवर असावी. आणि पहिल्या वर्षी आठवड्यातून एकदा, अर्धा तास, कुणीतरी त्या मुलाशेजारी बसावे. प्राध्यापकच हवा असे नाही. एमएस्सीला असलेला जुना खेळाडू यासाठी सगळ्यात चांगला, कारण प्रवासातल्या बसमध्ये पुस्तक उघडले की काय होते हे त्याला ठाऊक असते.

आणखी एक. कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅक या संस्थेच्या मूल्यांकनात कॉलेजे आपली पदके मोजून दाखवतात. त्या पदकांशेजारी एक ओळ छापायला सांगा: एफवायला आलेल्या खेळाडूंपैकी किती जण केटीशिवाय एसवायला गेले. ती ओळ छापायची वेळ आली की मुदत टळलेले अर्ज कसे वेळेत निघतात ते बघा. क्रीडा सवलतीच्या गुणांवर भांडणाऱ्या दोन्ही बाजूंना मी हेच विचारीन. ते गुण आपण देतो ते मुलाने शिकावे म्हणून, की आपली त्याच्याप्रती जबाबदारी संपावी म्हणून?

भाचीने खो-खो सोडला नाही. तिला मी तसाच एक कोरा कागद पाठवला होता. मागच्या आठवड्यात तिने एसवायच्या पहिल्या सत्राचा कागद भरून त्याचा फोटो पाठवला. अक्षर सुंदर, स्पर्धा लाल पेन्सिलीने, केटीची परीक्षा ठळक चौकोनात. शेवटच्या रकान्यात बॉटनी आणि गणितापुढे मॅडमची आणि सरांची नावे आहेत. केमिस्ट्रीपुढे काही नाही. मी विचारले तर म्हणाली, "मावशी, गेल्या वर्षीच्या सरांची मुदत संपली. नव्या नेमणुका अजून झाल्या नाहीत. विचारलं तर म्हणाले, ऑगस्टमध्ये बघू." तिचे सराव शिबिर ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी सुरू होते.